स्टॅनमोर रेंजचा परवाना

मार्चमधल्या एका सकाळी ऑफिसात बसून मी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या वन्यजीव खात्याची वेबसाइट उघडली, माझा अर्जाचा नंबर टाकला आणि खुर्चीतून असा उडालो की शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा चहा सांडला. एल्कच्या शिकारीसाठी राज्याबाहेरच्या लोकांना जे थोडे परवाने मिळतात, त्यांची सोडत निघाली होती आणि तीत माझा नंबर लागला होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला, पण अंगाने म्हशीएवढा आणि डोक्यावर झाडाएवढी शिंगं वागवणारा. पलीकडच्या रांगेत माझा अमेरिकन सहकारी बसायचा. आम्ही दोघांनी जोडीने अर्ज केला होता. मी त्याच्याकडे बघून अंगठा वर केला आणि तो चाळीशीचा गंभीर माणूस उठून मीटिंगरूमच्या काचेआड जाऊन चक्क नाचला.

तो मूळचा तिथलाच, डोंगराच्या पायथ्याशी वाढलेला. त्याचा थोरला भाऊ अजून तिथेच गुरं सांभाळत होता. हा लंडनला येऊन आमच्यासारखाच ज्युबिली लाइनच्या ट्यूब गाडीत लोंबकळत होता. तीन वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत त्याने मला एल्कच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आदल्या वर्षी कामासाठी अमेरिकेला गेलो असताना मी जादा रजा टाकून त्याच्या भावाकडे राहिलो, तिथे शिकारीसाठी लागतो तो सुरक्षिततेचा कोर्सही करून आलो. इकडे सरे परगण्यातल्या नेमबाजीच्या एका रेंजवर, उमेदवारीचा मेंबर म्हणून, क्लबच्या रायफलवर महिन्यातून दोनदा सराव चालायचा. तोपर्यंत आयुष्यात मी झुरळांपलीकडे काही मारलेलं नव्हतं.

मग ही हौस आली कुठून? लपवण्यात अर्थ नाही. माझं लहानपण चंद्रपूरकडच्या जंगलातल्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. वडील वनखात्यात रेंज ऑफिसर होते. सुट्टीच्या दिवशी ते गस्तीला निघाले की मला बरोबर घ्यायचे आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत मैलच्या मैल चालायचो. पुढे नागपुरात हॉस्टेल, इंजिनिअरिंग, पुण्यात नोकरी, मग लंडनच्या टोकाचं स्टॅनमोर. तिथलं सगळं चांगलंच होतं, पण स्क्रीनसमोर बसून बसून माझे पाय चालणं विसरत चालले होते. एकदा तरी खऱ्या रानात, काही काम घेऊन, त्या पाठीमागे चालायचो तसं चालावं असं मला फार वाटायचं.

आणि गोची नेमकी त्या पाठीचीच होती. मी चार वर्षांचा असताना आपल्या देशात कायद्याने शिकार बंद झाली, आणि तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत बाबांनी एकच काम जीव तोडून केलं, चोरट्या शिकाऱ्यांना पकडणं. एकदा त्यांनी लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाची जीप अडवली. सीटखाली एक मेलेला ससा निघाला. बाबांनी पंचनामा केला, जीप जप्त केली आणि नवरदेवाला मुंडावळ्यांसकट एस.टी.त बसवून दिलं. अशा माणसाचा मी मुलगा. आणि मे महिन्यात आई-बाबा सप्टेंबरअखेरपर्यंत आमच्याकडे राहायला येणार होते.

"सांगून टाक," बायको म्हणाली. "नाहीतर तेच पकडतील तुला."

मी म्हणालो, योग्य वेळ बघून सांगतो. माझी योग्य वेळ कधी येत नाही हे तिला लग्नाच्या वर्षापासून माहीत होतं.

ते आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पकडला गेलो. डोंगरात पाठीवर ओझं घेऊन चालायची सवय व्हावी म्हणून मी रोज पहाटे पाठपिशवीत वेम्बलीहून आणलेली वीस किलोची बासमतीची गोण घालून स्टॅनमोर हिलचा चढ दोनदा चढून यायचो. परत येतो तर बाबा स्वेटर आणि कानटोपी घालून फाटकात उभे. त्यांनी पिशवीची चेन उघडली, आत बघितलं, परत लावली.

"जातानाही तांदूळ, येतानाही तांदूळ," ते म्हणाले. "काहून रे, फिरवून आणतोस काय त्यांना?"

खोटं बोलायची माझी ताकद त्या चढातच संपली होती. मी सगळं सांगितलं. नाश्ता झाल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावरच्या बश्या बाजूला केल्या, बॅगेतून वही काढली, मला समोर बसवलं आणि माझा जबाब घ्यायला सुरुवात केली. मला वाटलं गंमत करताहेत. गंमत नव्हती. वरती त्यांनी तारीख घातली, ठिकाण म्हणून 'स्टॅनमोर' लिहिलं आणि माझं वय मलाच विचारलं.

"जनावर कोणतं?"

"एल्क. नर."

"किती?"

"एक. एकाचाच परवाना आहे, मारल्याबरोबर त्याची चिठ्ठी जनावराला बांधावी लागते, म्हणजे तो संपला."

"परवाना कोणी दिला?"

"तिथल्या सरकारी खात्याने. सोडत काढून."

"मांस?"

"सगळं रानातून बाहेर आणावंच लागतं. टाकून आलं तर गुन्हा आहे."

हे ऐकून त्यांचं पेन क्षणभर थांबलं. मला जरा बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "त्या भागात गार्ड किती?"

"बाबा, तिथे मैलोन् मैल कोणी नसतं."

"मग तू काय करतोस ते बघणार कोण?"

मला रागच आला. "मी काय चोर आहे का?" मी ओरडलोच.

"इतक्या वर्षांत एकाही चोराने मला 'मी चोर आहे' असं सांगितलं नाही," बाबा शांतपणे म्हणाले. आपला प्रश्न त्यांनी लिहून घेतला, उत्तराची ओळ कोरी सोडली आणि वही मिटली. सहीसाठी माझ्यापुढे केलीच नाही.

चार दिवस घरात नुसते ताटवाट्यांचे आवाज. मी बायकोला सांगून टाकलं की बाबा हो म्हणाले तरच मी जाणार. कायद्याला त्यांची परवानगी लागत नव्हती, मला लागत होती. ते नाही म्हणाले असते आणि मी तरीही गेलो असतो, तर त्या डोंगरात मला प्रत्येक झाडाआड कानटोपी दिसली असती. परवाना मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. सहकाऱ्याला म्हटलं, थांब जरा. तो म्हणाला, तुझं वय काय? मी म्हटलं, हे मला आधीच एकदा विचारून झालंय.

पाचव्या दिवशी बाबांनीच तोंड उघडलं. "त्यांचं नियमांचं पुस्तक आहे का?"

मी ऑफिसातून सगळं छापून आणलं, चांगला जाडजूड गठ्ठा. बाबांनी लाल पेन मागितलं. बायकोने डिक्शनरी आणून दिली. पुढचा आठवडाभर ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते नियम असे वाचत होते की आई जेवायला हाक मारून दमली. नकार द्यायला ते कारण शोधताहेत हे मला दिसत होतं. मग एका संध्याकाळी मी घरात पाय ठेवतो न ठेवतो तोच आतून आरोळी आली.

"सापडलं! इकडे ये! नकाशा आण!"

नकाशावर मी आमच्या तंबूच्या जागेवर फुली मारली होती. बाबांनी तिच्यावर बोट ठेवलं. ती जागा राखीव अभयारण्यासारख्या भागात येत होती आणि नियम असा होता की परराज्यातल्या शिकाऱ्याला त्या भागात परवानाधारक वाटाड्याशिवाय किंवा तसा दाखला घेतलेल्या स्थानिक माणसाशिवाय शिकार करता येत नाही. माझ्या सहकाऱ्याला हे ठाऊकच नव्हतं. तो तिथे वाढला तेव्हा तो तिथलाच होता. लंडनला येऊन आपणही परके झालो, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आत गेला असता तुम्ही दोघे!" बाबांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "मीच पकडलं असतं!"

त्याच संध्याकाळी मी सहकाऱ्याला फोन केला. त्याच्या भावाला तिथल्या ऑफिसातून एक मोफत दाखला घ्यावा लागणार होता आणि आमच्याबरोबर यावं लागणार होतं. भाऊ तर आनंदाने उडाला, कारण त्याला तसंही यायचंच होतं. बाबांनी त्या कलमाखाली लाल रेघ मारली आणि एखाद्या ज्युनिअरचा गोपनीय अहवाल लिहावा तशा आवाजात म्हणाले, "कायदा चांगला आहे त्यांचा. मेहनत घेतलेली आहे."

"म्हणजे जाऊ मी?"

"कायदा चांगला असून भागत नाही. माणूस बघावा लागतो."

मग त्यांनी अट सांगितली. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर स्टॅनमोर कॉमनचं रान आहे, बर्च आणि ओकची झाडं, ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं. बाबा आत कुठेतरी एका ओंडक्यावर बसणार. मी गाड्या लावायच्या जागेपासून निघायचं, त्यांना शोधायचं आणि त्यांना पत्ता न लागू देता मागून खांद्यावर हात ठेवायचा. त्यांना मी कळलो तर ते शिट्टी वाजवणार, की त्या दिवसाचा खेळ खलास. ते भारतात परत जाईपर्यंत एकदा जरी हात लागला तर मी वायोमिंगला जायचं. नाही लागला तर परवाना ड्रॉवरमध्येच. मी लगेच हो म्हणालो. सत्तरीचा माणूस, पाठमोरा, ओंडक्यावर बसलेला; असं कितीसं अवघड असणार!

शिट्टी त्यांची नोकरीतलीच होती, पितळी, काळ्या गोफात ओवलेली. लंडनला येताना ती बॅगेत का घातली, हे आईलाही माहीत नव्हतं.

पहिल्या शनिवारी मी पन्नास पावलं गेलो असेन, शिट्टी. रविवारी साठ पावलं, शिट्टी. जून असाच गेला. मी मऊ तळव्यांचे बूट घेतले. बाबांनी शिकवलं तसं टाच न टेकता पावलाची बाहेरची कड आधी टेकून चालायला लागलो. श्वाससुद्धा तोंडाने घ्यायचा की नाकाने यावर विचार केला. शिट्टी. एकदा तर मी शेवटचा टप्पा पोटावर सरपटत गेलो, कोपरं खरचटून घेतली आणि शिट्टी ऐकून तसाच पालथा पडून राहिलो. तेवढ्यात एक लॅब्राडोर येऊन माझा कान चाटून गेला. त्याच्या मालकिणीने मला विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? मग ओंडक्यावरच्या कानटोपीकडे बोट दाखवून विचारलं, आणि ते रेफ्री आहेत का?

जुलैपर्यंत बाबा त्या रानातले प्रतिष्ठित गृहस्थ झाले. कुत्रे फिरवणारे त्यांना थांबून गुड मॉर्निंग करायचे, बाबा सॅल्यूटच्या थाटात हात वर करायचे. परतताना ते मला सांगायचे, आज कोल्ह्याची विष्ठा दिसली, आज हरणाचे खूर उमटले होते, तुझ्या डाव्या बाजूनेच गेलं ते, तुला दिसलं नाही. मला काही दिसत नव्हतं. मी फक्त माझ्या पायांचा आवाज ऐकत होतो. पण घामाघूम होऊन, शिट्टीच्या नावाने बोटं मोडत घरी यायचो तेव्हा मला लक्षात यायचं की मी सकाळभर हसत होतो. इतक्या वर्षांत आम्ही बापलेक एवढे तास एकत्र कधी काढले नव्हते.

"चुकतंय कुठे ते तरी सांगा," मी एकदा वैतागून म्हणालो.

"रेंजरचा मुलगा ना तू? विचार कर."

ऑगस्टच्या एका रविवारी सहकारी सामान तपासायला आमच्याकडे जेवायला आला. त्याने मला भलीमोठी यादी पाठवली होती आणि मी तिच्यातली एकेक वस्तू गोळा केली होती. बिनवासाचा साबण, बिनवासाची कपडे धुण्याची पावडर, सगळं. एल्कचं नाक फार तिखट, माणसाचा वास लागला की तो डोंगर सोडून जातो, हे त्याने दहादा बजावलं होतं. मी दर शनिवारी त्या बिनवासाच्या साबणाने आंघोळ करूनच कॉमनवर जायचो.

जेवणानंतर मी, सवय व्हावी म्हणून कॉमनवरही घालायचो ते, माझं जाड लोकरीचं जाकीट आणून त्याच्या हातात दिलं. त्याने ते नाकाजवळ नेलं आणि चटका बसावा तसं दूर धरलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, माझ्या आजीच्या कपाटात तू राहतोस का?

मी जाकीट हुंगलं. मला काहीच वास आला नाही. बायकोने हुंगलं आणि ती मटकन सोफ्यावर बसून हसायला लागली. खिशात हात घातला तर दोन डांबराच्या गोळ्या. आतल्या खिशात आणखी दोन. अस्तराच्या शिवणीतून एक.

"मग?" आई म्हणाली. "लोकरीचं आहे ना ते? इथली हवा ही अशी दमट. कसर लागली असती म्हणजे कळलं असतं."

दर रविवारी कॉमनवरून आलं की आई ते जाकीट प्रेमाने झटकायची, घडी घालायची आणि नागपूरहून खास आणलेल्या गोळ्या घालून जिन्याखालच्या कपाटात ठेवायची. पँट, मोजे, टोपी, सगळ्यांना तोच पाहुणचार. माझ्या नाकाला ते कळणार तरी कसं? आमच्या घरात सगळे गरम कपडे असेच ट्रंकेतून निघायचे. तो वास मला वास वाटतच नव्हता, थंडी पडली एवढंच वाटायचं.

मी हळूच बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते.

"बाबा! तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," ते डोळे पुसत म्हणाले. "गाडीचं दार उघडलंस की कळायचं मला. वारा तुझ्या पाठीवर, मी तुझ्या समोर. तीन महिने पाय कसे टाकायचे त्याचा अभ्यास करतो आहे पठ्ठ्या. एकदासुद्धा म्हणून वारा बघितला नाही!"

मी त्यांचं बोलणं सहकाऱ्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने उठून बाबांशी हात मिळवला. मग बाबा देवघराकडे गेले, उदबत्तीच्या घरातली राख एका जुन्या रुमालाच्या तुकड्यात बांधली आणि ती पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. हलकेच टिचकी मारायची आणि राख कुठे जाते ते बघायचं. ती आपल्या तोंडावर आली पाहिजे. लहानपणी त्यांच्या शर्टाच्या खिशात अशीच पुरचुंडी असायची. मला ते आठवलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

जाकीट तीनदा धुतलं आणि तीन आठवडे मागच्या बागेत दोरीवर टांगलं. शेजाऱ्यांना वाटलं आम्ही विसरलो. आई फुगून बसली होती, पण चौथ्या दिवशी तिनेच ते उलटं करून वाळत घातलं. "कसर लागली तर मला सांगायला येऊ नका," एवढं बोलून घेतलं.

सप्टेंबरात खेळ बदलला. मी आता राख उडवून, मोठा वळसा घेऊन, वारा तोंडावर घेत यायला लागलो. पहिल्याच खेपेला तीस पावलांवर पोचलो आणि शिट्टी वाजली. सकाळच्या तिरप्या उन्हात माझी लांबच लांब सावली बाबांच्या पायाशी पडली होती. पुढच्या वेळी समोरच्या झाडावरचा नीळकंठासारखा 'जे' नावाचा पक्षी माझ्यावर खेकसत उडाला आणि त्याने मला उघडं पाडलं. पण प्रत्येक वेळी मी जवळ जात होतो, आणि आता मला दिसायलाही लागलं होतं. खुरांचे ठसे, चघळलेली पालवी, कोल्ह्याची वाट. शनिवार-रविवार मात्र संपत आले होते. आई-बाबांचं विमान मंगळवारी होतं. शेवटचा रविवार उरला.

त्या दिवशी कोरडं ऊन होतं. आई थर्मास घेऊन गाडीत बसली. बाबा आत गेले, मी वीस मिनिटं थांबलो. टिचकी मारली, राख माझ्या तोंडावर आली. सूर्य समोर होता, म्हणजे सावली मागे. मी बर्चच्या झाडांमधून एकेक पाऊल टाकत निघालो. बराच वेळ गेला. आणि मग ती दिसली, कानटोपी. वीस पावलं. मी पुढचं पाऊल टाकलं आणि पाचोळ्याखालची मनगटाएवढी वाळकी फांदी काडकन मोडली.

आवाज एवढा झाला की बाबांच्या डोक्यावरच्या झाडातून कबुतरं फडफडत उडाली. मी डोळे मिटले आणि शिट्टीची वाट बघितली.

शिट्टी वाजली नाही. डोळे उघडले. बाबा तसेच बसले होते, पाठमोरे, मान न वळवता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उन्हाळाभर टीव्हीचा आवाज आम्ही कमी करायचो आणि ते वाढवायचे. आई प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायची. त्यांनी मला कधी ऐकलंच नव्हतं. वासाने ओळखलं, सावलीने ओळखलं, पाखरांनी सांगितलं, पण पायांचा आवाज, ज्याच्यासाठी मी एवढा जिवाचा आटापिटा केला, तो त्यांच्यापर्यंत एकदाही पोचला नव्हता. मला गलबलून आलं. ज्या माणसाला मैलभरावरची कुऱ्हाड ऐकू यायची त्याच्या मागे मी उभा होतो. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, पाय आपोआप पुढे निघाले होते. वीस पावलं. मी खांद्यावर हात ठेवला.

"आलास?" बाबा वळून हसले. "झालं तर मग. पास."

ते उठले, पँट झटकली आणि चालायला लागले. मी त्यांच्या मागे, त्या पाठीकडे बघत. मी जिंकलो होतो. एल्क, डोंगर, सगळं माझं होतं. फांदी मोडलेली कोणी बघितली नव्हती, कबुतरं काही जबाब देणार नव्हती. सांगितलं तर संपलं, कारण पुढचा शनिवार-रविवार नव्हताच. गाडी दिसायला लागली. आई हात हलवत होती.

"बाबा," मी मोठ्याने म्हणालो. ते थांबले. "फांदी मोडली माझ्या पायाखाली. वीस पावलांवर. मोठी होती. तुम्हाला ऐकू आली नाही."

त्यांनी कानटोपी वर सरकवली.

"डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला," ते म्हणाले. "उजवाही निघालाय आता. तुझ्या आईला सोडून कोणाला माहीत नाही."

"म्हणजे हे धरायचं नाही. मी नापास."

"कबुतरं उडाली ना पण? ती दिसली की मला. आंधळा नाही झालो अजून."

"मग शिट्टी का नाही वाजवलीत?"

बाबांनी गळ्यातून शिट्टीचा गोफ काढला आणि बोटाभोवती गुंडाळला. "अरे, शेकडो जबाब घेतले असतील मी. एकाने, एकाने तरी आपणहून काही सांगावं, नाही. वाट बघत होतो, गाडीपर्यंत." मग त्यांनी आईला हाक मारली. "अगं, वही दे माझी. पर्समध्ये ठेवली आहेस ना, ती."

त्यांनी वही आमच्या गाडीच्या बॉनेटवर उघडली. मे महिन्यातला माझा जबाब, 'तू काय करतोस ते बघणार कोण?' या शेवटच्या प्रश्नाखाली कोरी ओळ. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि खाली सहीची जागा दाखवली. मी सही केली. माझे डोळे भरून आले होते आणि सही वाकडी आली. कोऱ्या ओळीकडे मी बोट दाखवलं तर ते म्हणाले, "राहू दे ती. ती नंतर भरू." आईने थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला आणि काय झालं ते तिला दोनदा सांगावं लागलं, कारण आम्ही दोघे एकदमच बोलत होतो.

मंगळवारी ते गेले. त्यानंतर मी बॅग भरायला घेतली तर तळाशी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली सावजी मसाल्याची पुडी निघाली. वर आईची चिठ्ठी होती: वास येणार नाही असं बांधलं आहे.

एल्क मला सहाव्या दिवशी मिळाला. दुपार होती. त्या दिवशी आम्ही राखीव भागाच्या हद्दीबाहेर होतो; दोघे भाऊ कड्याच्या पलीकडच्या बाजूला, मी एकटाच. राख तोंडावर आली, मी पावलाची बाहेरची कड टेकत गेलो, आणि एकच बार काढावा लागला. त्यानंतर बराच वेळ मी त्या जनावराच्या मानेवर हात ठेवून बसून होतो. आनंद झाला होता आणि रडूही येत होतं. मांस खाली आणायला तिघांना दोन दिवस लागले, आणि वीस किलोची बासमती किती हलकी होती ते मला तेव्हा कळलं. भावाच्या घरी सावजी रस्सा झाला. दोघा भावांनी घाम पुसत, नाक ओढत तीनतीनदा वाढून घेतला.

तिथली सकाळ म्हणजे नागपुरातली संध्याकाळ. मी भावाच्या स्वयंपाकघरातून फोन लावला आणि सवयीने ओरडलो, "बाबा! मिळाला!"

"ओरडू नकोस. मशीन बसवलंय मी कानात," बाबा म्हणाले. "परवान्याची चिठ्ठी लावलीस जनावराला?"

"लावली."

"कधी?"

"लगेच. तारीख घालून, बांधून. मगच बाकी सगळं."

"तेव्हा बरोबर कोण होतं?"

"कोणीच नव्हतं, बाबा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि बाबा घर दणाणून सोडत म्हणाले, "अगं, ती वही आण. आणि पेन आण. एक ओळ राहिली आहे."